वर राहिलेला खटका

डिसेंबर लागला की आमच्या फ्रिजमध्ये दह्याच्या डब्याशेजारी दोन लांबट पिशव्या येऊन बसतात. त्यांत स्कीच्या तळाला चिकटवायच्या पट्ट्या असतात. एका बाजूला गोंद, दुसऱ्या बाजूला आखूड केसांचं कापड, बर्फाच्या चढावर स्की मागे घसरू नये म्हणून. सिंगापूरच्या हवेत तो गोंद बाहेर राहिला तर पाकासारखा ओघळतो. म्हणून या पट्ट्यांना वर्षभर फ्रिजच्या तळातल्या खणात आसरा मिळतो आणि जायचे दिवस जवळ आले की बढती होऊन त्या मधल्या खणात येतात. आमची ईरा लहानपणापासून फ्रिजचं दार उघडून किंचाळत आली आहे, "आई, व्हाय गॉट फर बिसाइड द दही? सो ग्रॉस, लाह!" यंदा तीन वर्षांनी ती पुन्हा किंचाळली. पिशव्या वर आणल्या होत्या सतीशने, माझ्या नवऱ्याने. मी त्यांना हात लावला नव्हता.

तेव्हापासून माझ्या पायाला भिंगरी लागली आहे. स्वयंपाकघरातून बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये, कॉरिडॉरमधून पुन्हा आत. वुडलँड्सच्या आमच्या नवव्या मजल्यावरून पलीकडे मलेशियात, जोहोरकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग दिसते. वर्षअखेरीच्या पावसात ती तासन्‌तास हलत नाही, आणि मला मात्र एका जागी उभं राहवत नाही. धुतलेले कपडे मी दोनदा घडी करते. सतीश सोफ्यावर बसून फोनवर बाइंडिंगचे फोटो मोठे करकरून बघतो आणि फोन माझ्याकडे वळवतो. "हे बघ. कसं वाटतंय?" मी "छान आहे" म्हणते आणि उठते. तीन वर्षांपूर्वीच्या मोसमातली एक गोष्ट मी त्याला सांगितलेली नाही. तो पुन्हा बर्फात जायचं म्हणतोय, म्हणजे ती आता सांगायला हवी. सांगितल्यावर तो माझ्याकडे कसा बघेल, हे मनात येतं आणि मी पुन्हा कॉरिडॉरमध्ये जाते.

बाइंडिंग म्हणजे बूट आणि स्की यांना धरून ठेवणारा सांधा. लिफ्टने डोंगरावर जाऊन नुसतं खाली घसरत येणाऱ्यांचं बाइंडिंग जाडजूड असतं, बूट चवड्यापासून टाचेपर्यंत घट्ट. आम्ही वेडे लोक त्याच स्कीवर डोंगर पायी चढतो, तेव्हा टाच मोकळी लागते. आमच्या बाइंडिंगमध्ये पुढे दोन पिना असतात, त्या बुटाच्या चवड्यातल्या दोन भोकांत दोन्ही बाजूंनी बसतात. मागे आणखी दोन, त्या फक्त उतरताना टाच धरतात. आणि पुढे एक खटका. तो खाली असला तर पडल्यावर बूट सुटतो. वर ओढला की बूट सुटत नाही, पाय पिळवटला तरी नाही. चढताना तो वर ओढतात, कारण स्की निसटून दरीत गेली तर माणूस कमरेएवढ्या बर्फात अडकतो. उतरताना तो खाली करतात, कारण पडल्यावर पाय सुटला नाही तर गुडघा जातो. एवढं कळलं की झालं. बाकी सगळी चर्चा वजनाची.

आणि चर्चा आम्ही काय केली! तीन वर्षांपूर्वीचा तो सगळा पाऊसकाळ आमच्या घरात ग्रॅमशिवाय दुसरा विषय नव्हता. सतीश हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत आहे. हजारो टनांच्या गोष्टी दिवसभर बोलून माणूस घरी यायचा आणि जेवताना म्हणायचा, "ब्रेक काढला तर नव्वद ग्रॅम वाचतात गं." तसं आधी त्याला जड बाइंडिंगच हवं होतं, ब्रेकवालं, भरपूर लोखंडाचं. हलक्याचा हट्ट माझा. पोहे मोजायच्या काट्यावर मी एक हलकं बाइंडिंग ठेवलं, आकडा तीनशेच्या आत. मग त्याचं जुनं धूड ठेवलं, तर काट्याने हात टेकले.

"हे एवढंसं? यात माझा पाय राहील?"

"राहील. पायातलं एक किलो म्हणजे पाठीवरचे पाच, असं म्हणतात."

"कोण म्हणतात?"

"जे पुढे असतात ते."

हे मी लागेल असं बोलले, आणि ते त्याला लागलं. वजनाचं मी सगळं खरंच सांगत होते, पण माझं कारण दुसरंच होतं. चढावर तो मागे पडायला लागला होता आणि मला थांबायला आवडत नाही. मी उभी राहून वाट बघू लागले की माझे पाय गार पडतात आणि डोकं तापतं. नवरा हलका होत नाही म्हणून मी बाइंडिंग हलकं केलं.

एकदा पटल्यावर मात्र त्याने मलाही मागे टाकलं. टूथब्रशची दांडी अर्धी कापली. चिवड्यातले काजू वजनाला बरे की शेंगदाणे, यावर त्याने ईराची शिकवणी घेतली. संध्याकाळी पाठीवर तांदळाची पाच किलोची पिशवी घेऊन तो आमच्या ब्लॉकचे सगळे जिने चढायचा, आणि वर आल्यावर घामाने निथळत हॉलमध्ये योगाच्या चटईवर स्की मांडून बूट अडकवायचा सराव करायचा. टक्, मग पाय काढायचा, पुन्हा टक्. बाहेर एकतीस अंश, आत हा माणूस बर्फाच्या बुटांत. शेवटी खालच्या मजल्यावरची चिनी आंटी वर आली. "मिस्टर सतीश, युअर हाउस रिनोव्हेशन आह? एव्हरी डे टक्‌-टक्‌, टक्‌-टक्‌." त्याने तिला बाइंडिंग हातात दिलं, कसं काम करतं ते उत्साहाने समजावलं. तिने ते उलटसुलट बघितलं, मग त्याच्याकडे डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. "सो स्मॉल वन! यू सो बिग. कॅन मेह?" आम्ही दोघं इतके हसलो की ती पण हसायला लागली आणि पुढच्या वेळी येताना अननसाचे टार्ट घेऊन आली.

माझी नोकरी जुरोंग आयलंडवर आहे. सकाळी कंपनीच्या बसने पूल ओलांडायचा, पास दाखवायचा, हेल्मेट घालायचं. प्लँटमध्ये दाब किंवा तापमान हद्दीबाहेर गेलं की यंत्र आपोआप बंद पडावं अशी सोय असते. दुरुस्तीसाठी कधीकधी ती सोयच थोडा वेळ निकामी करून ठेवावी लागते. त्याला बायपास म्हणतात. बायपास केला की तिथे लाल पट्टी बांधायची, वहीत लिहायचं, कुणी केला, कशासाठी, कधी काढणार. पाळी बदलताना पुढच्या माणसाला तोंडाने सांगायचं आणि त्याने ते तोंडाने परत म्हणून दाखवायचं. ही शेवटची अट माझी. तिच्यामुळे मी तिथे चांगलीच बदनाम आहे. वीस वर्षं नोकरीला झालेल्या माणसालाही मी शाळेतल्या मुलासारखं म्हणायला लावते. लिहिलेलं माणूस वाचत नाही, कानात पडलेलं विसरत नाही, हे माझं ठरलेलं भाषण. नव्या इंजिनियरांना ते पाठ आहे.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

होक्काइदोतला फेब्रुवारी. भूर्जाची पांढरी झाडं, त्यांच्यामधून वर जाणारी आमची वाट, पट्ट्यांचा बर्फावर होणारा खर्‌र्‌ खर्‌र्‌ आवाज. पुढे आमचा जपानी गाइड, मागे मी, आणि माझ्या मागे, अगदी मागे, सतीश. त्या दिवशी तो एकदाही मागे पडला नाही. मी वळून बघितलं की तो हसायचा, भुवयांवर बर्फ साचलेला. "बघ, तीनशे ग्रॅम!" असं एकदा ओरडलासुद्धा. मला त्या क्षणी त्याचा इतका अभिमान वाटला की मी वेग वाढवला. माझं प्रेम असं पुढे पळतं, काय करू.

माथ्यावर आम्ही पट्ट्या काढल्या, बूट पुन्हा अडकवले. खटके खाली, टाचा बंद. पण खरा उतार सुरू व्हायच्या आधी शंभरेक पावलांचा एक आडवा टप्पा होता, काचेसारखा कडक, खाली खडक. इथे कुणाला हवं तर पुढचा खटका वर ओढा, म्हणजे स्की निसटणार नाही, असं गाइड म्हणाला. मी माझे ओढले. सतीशची बोटं थंडीत पांढरी पडतात, मेल्यासारखी होतात. तो हातमोजे काखेत धरून बोटांवर फुंकर मारत होता. त्याच्या बुटाला चिकटलेला बर्फ मी नेहमीच वाकून झाडते, कारण त्याची कंबर वाकत नाही आणि माझा धीर टिकत नाही. मी वाकले, बर्फ झाडला आणि त्याचेही दोन्ही खटके वर ओढले. त्याला वाटलं असणार, नेहमीसारखे बूट झाडतेय. मी त्याला सांगितलं नाही.

आडवा टप्पा पार झाला. मी माझे खटके खाली केले. समोर कुणीही पाय न ठेवलेला मऊ उतार होता. मी गेले.

त्याची हाक आली तेव्हा मी बरीच खाली होते. धापा टाकत वर चढले. तो एका कुशीवर पडला होता, डावी स्की बर्फात आडवी रुतलेली, आणि बूट अजून तिच्यात. सुटायला हवा होता. खटका वर होता. स्की काढायला मी तो अंगठ्याने दाबला, टक् झालं, पाय मोकळा झाला, आणि सतीश असा ओरडला की गाइड धावत आला. बूट स्कीतून सुटला नाही, हे त्याने लांबून बघितलं होतं. "टो वॉज लॉक्ड?" त्याने सतीशला विचारलं. सतीशने खटक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आय मस्ट हॅव फरगॉटन," म्हणाला. मग मराठीत, फक्त माझ्यासाठी, "विसरलो गं मी."

मी म्हणाले, "असू दे."

माफ करणाऱ्याचे शब्द मी वापरले. अजून ते आठवले की मी जिथे असेन तिथून उठते.

त्या दिवशी नाही सांगितलं, कारण त्याला दुखत होतं. मग गुडघ्याचं ऑपरेशन होतं. मग तो कुबड्यांवर होता, मग स्पोर्ट्स कॉम्प्लेक्सच्या पोहण्याच्या तलावात छातीएवढ्या पाण्यात म्हाताऱ्यांबरोबर चालत होता, आणि इतका चिकाटीने चालत होता की त्यात विघ्न कशाला आणायचं. मग तो बरा झाला. बऱ्या झालेल्या माणसाला काय सांगायचं? दर टप्प्यावर मला कारण मिळत गेलं आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. ऑफिसात त्या काळात मी बायपासच्या वहीत दुप्पट कडक झाले. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

घरात चिठ्ठ्या कधी सुरू झाल्या, ते माझ्या नीट लक्षात नाही. पहिली शेगडीवर होती, पिवळी. 'गॅस बंद?' मग दारामागे, 'किल्ली, पास, फोन.' मग इस्त्रीवर. मी चेष्टा केली. "घर आहे का सरकारी कचेरी?" तो हसला नाही. एमआरटीचं, म्हणजे मेट्रोचं कार्ड त्याने गळ्यात अडकवायला सुरुवात केली. मित्रांकडे गप्पांत एखादं नाव आठवेना की तो एकदम गप्प व्हायचा, आणि परतीच्या वाटेवर ते नाव आठवलं की मला तीनदा सांगायचा. मी म्हणायचे, पन्नाशी रे, सगळ्यांचं होतं. त्याचे वडील, अप्पा, शेवटची पाच वर्षं पुण्यात त्याच्याच धाकट्या भावाकडे होते. तल्लख माणूस, तालुक्याच्या शाळेत गणित शिकवलेला. शेवटी शेवटी व्हिडिओ कॉलवर सतीशला विचारायचे, "आपलं नाव काय म्हणालात?" अहो-जाहो करून. सतीश दर वेळी आपलं नाव सांगायचा आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ पंख्याकडे बघत बसायचा. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होत होतं, आणि शेगडीवरची चिठ्ठी आणि बर्फातला खटका यांचा एकमेकांशी संबंध आहे हे मला कळलं नाही. कळलं नाही, असं मी म्हणते. मी त्या बाजूला बघितलंच नव्हतं.

यंदाचं ते बाइंडिंग. फोनवर त्याने मोठं करून दाखवलेलं. ते जड होतं, त्याच्या जुन्या धुडासारखंच.

"तुला हलकं नको?" मी विचारलं.

"नको. माणूस विसरला तरी ज्याचं काही बिघडत नाही, असं हवंय." मग फोन बाजूला ठेवून म्हणाला, "नीला, खरं सांगू? मला तो खटका वर ओढल्याचं आठवतच नाही. खाली करायचं विसरणं मी समजू शकतो. पण मी तो ओढला कधी? अख्खा दिवस आठवतो, तेवढंच नाही. अप्पांचं असंच सुरू झालं होतं. शनिवारी सकाळी येशील माझ्याबरोबर? स्मरणशक्तीची तपासणी लावून घेतली आहे. निकाल बरा आला तर हे मागवतो. नाही तर नको. तुझ्या जिवाला घोर नको वर."

मी तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "येते ना."

त्यानंतरचे चार दिवस मी कशी होते, ते सांगता येत नाही. बसमध्ये बसवेना, उभी राहिले. जेवताना मध्येच उठून पाणी आणलं, ते आधीच समोर होतं. आंघोळ करताना वाक्यं जुळवली आणि टॉवेल गुंडाळेपर्यंत मोडली. ज्या माणसाचा गुडघा मी मोडला, त्याचं डोकंसुद्धा मीच पोखरत होते, रोज, काही न करता. पाय मोडल्याचं पाप मी एकवेळ सोसलं असतं. हे सोसवेना. आणि तरी शनिवार उजाडला, आम्ही खाली उतरलो, गाडीत बसलो, तो खिडकीबाहेर बघत होता आणि मी गप्प होते. भित्रेपणा म्हणतात तो हाच.

दवाखान्यात नर्सने त्याला फळीला लावलेला एक फॉर्म दिला. तो चष्मा लावून भरायला लागला. नाव, वय, आईवडिलांचे आजार. तिथे अप्पांचं लिहिलं. खाली प्रश्न होता, विसरण्याचा पहिला प्रसंग कोणता, केव्हा. सतीशने पेन टेकवलं आणि सुबक अक्षरात इंग्रजीत लिहायला लागला. स्कीइंग, जपान, तीन वर्षांपूर्वी, सेफ्टी लॉक.

मी त्याच्या हातावर हात ठेवला.

"तो तू ओढला नव्हतास," मी म्हणाले. "मी ओढला होता. दोन्ही. बूट झाडताना. तुला सांगितलं नाही. तू विसरला नव्हतास, सतीश. तुला आठवत नाही, कारण तू ते केलंच नव्हतंस."

त्याने पेनाचं टोपण लावलं. शेजारच्या खुर्चीवरची मलाय बाई आमच्याकडे बघून पुन्हा आपल्या फोनकडे वळली. तो त्या फॉर्मवरच्या स्वतःच्या अक्षराकडे बघत होता. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"तीन वर्षं," तो म्हणाला.

"हो."

"मी शेगडीवर चिठ्ठ्या लावत होतो."

"हो."

"आणि तू चेष्टा करत होतीस."

त्याचा नंबर लागला. मला वाटलं आता तो म्हणेल, चल घरी. तो उठला, ते अर्धं वाक्य त्याने आडवी रेघ मारून खोडलं. "तपासणी देतोच. आता मला स्वतःचं स्वतः कळायला हवं. तू इथेच बस," म्हणाला आणि दार लोटून आत गेला. मी बसले. पाऊण तास. एकदाही उठले नाही.

बाहेर आला तेव्हा चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. माझ्या शेजारची खुर्ची सोडून तिच्या पलीकडच्या खुर्चीवर बसला. "पाच शब्द सांगितले होते. पाचही आठवले," म्हणाला. "घड्याळ काढलं. शंभरातून सात सात वजा केले. डॉक्टर म्हणाल्या, काही झालेलं नाही." मी हात पुढे केला. त्याने घेतला नाही. झटकलाही नाही.

"आता तो दिवस पहिल्यापासून सांग," तो म्हणाला. "काही गाळू नकोस."

मी सांगायला सुरुवात केली. माथ्यावर पट्ट्या काढल्या, तुझी बोटं पांढरी पडली होती, गाइड म्हणाला हवं तर खटका वर ओढा, मी वाकले. "मी तुला सांगणारच होते, पण वारं इतकं होतं की—"

"वारं नव्हतं," सतीश म्हणाला. "वारं दुपारी सुटलं, मला खाली नेत होते तेव्हा. माथ्यावर पान हलत नव्हतं."

"हो," मी म्हणाले. "वारं नव्हतं."